कार्यशाळेतून वर्गात एकच गोष्ट न्या: इंग्रजीच्या नव्या शिक्षकांसाठी

पहिल्या कार्यशाळेहून परतताना माझ्या पिशवीत अठ्ठावीस हँडआउट होते. शब्दांचे खेळ, चित्रवर्णनं, संभाषणाची कार्डं, गाळलेल्या जागांचे उतारे. दिवस छान गेला होता, नव्या ओळखी झाल्या होत्या. सोमवारी वर्गात गेले आणि आधीच्या शुक्रवारी शिकवलं होतं अगदी तसंच शिकवलं. हँडआउटची ती फाइल वर्षभर कपाटात पडून राहिली. कार्यशाळा चांगली होती. मी तिथे काय शोधायला गेले होते, हेच मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर कितीतरी कार्यशाळांना बसले आणि पुढे काही घेतल्याही. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पुढच्या आठवड्यातल्या एखाद्या तासात काय बदललं, यावर कार्यशाळेची किंमत ठरते. इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकवायला तुम्ही नुकतीच सुरुवात केली असेल, तर हे पहिल्याच वर्षी समजलेलं बरं.

आधी स्वतःचा तास ऐका

नाव नोंदवण्याआधी एक काम करा. विद्यार्थ्यांना सांगून, आणि संस्थेच्या परवानगीने, तुमच्या एका तासाची वीस मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा. फक्त आवाज पुरे. ती वीस मिनिटं कुणाला ऐकवायची नाहीत, स्वतःच ऐकायची.

पहिल्यांदा ऐकताना स्वतःचा आवाज नकोसा वाटतो. तेवढा भाग सोडून द्या आणि कागद-पेन्सिल घेऊन मोजायला लागा. एकूण किती वेळ तुम्ही बोललात आणि किती वेळ विद्यार्थी बोलले? प्रश्नांना उत्तरं किती जणांनी दिली? तेच ते चार आवाज आहेत का? विद्यार्थी पूर्ण वाक्यात बोलतात की एका शब्दावर थांबतात? प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती सेकंद गप्प राहिलात?

हा शेवटचा आकडा बहुतेकांना धक्का देतो. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांवर केलेलं संशोधन शिक्षक-प्रशिक्षणात आजही शिकवलं जातं. त्यांच्या पाहणीत शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तो अवकाश तीन सेकंदांपर्यंत किंवा पुढे नेला, तर उत्तरं लांबत, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागत. ही मुलं त्यांच्या ओळखीच्या भाषेत उत्तरं देत होती. परक्या भाषेत उत्तर द्यायचं तर मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, मग आशय जुळवायचा, मग शब्द शोधायचे आणि शेवटी धीर करून तोंड उघडायचं. एका सेकंदात हे कसं होणार?

रेकॉर्डिंग ऐकून झालं की एकच प्रश्न लिहा, जितका नेमका जमेल तितका. ‘मुलं बोलत नाहीत’ यावर कुणालाही उत्तर देता येणार नाही. ‘जोडीत काम दिलं की माझे विद्यार्थी दोन मिनिटांत आपल्या भाषेवर येतात, कारण कामाला लागणारी इंग्रजी वाक्यं त्यांच्याकडे नसतात’ असं लिहिलंत, तर निम्मं उत्तर त्यातच येतं. हा कागद सोबत ठेवा. पुढचं सगळं त्याच्या आधाराने करायचं आहे.

निवड कशी करायची

नव्या माणसाला ‘कार्यशाळा’ या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी भेटतात. दीड तासाचं सत्र असतं, दिवसभराचा कार्यक्रम असतो, काही आठवड्यांची मालिका असते, आणि वार्षिक परिषदांमध्ये एका वेळी अनेक दालनांत चाललेली सत्रं असतात. आयाटेफल ही ब्रिटनमधली संघटना १९६७ची, अमेरिकेतली टेसोल तिच्याहून एका वर्षाने मोठी. दोन्हींच्या वार्षिक परिषदांना जगभरचे इंग्रजी शिक्षक जमतात. दोन्हींत बालशिक्षण, उच्चार, मूल्यमापन, तंत्रज्ञान अशा विषयांचे वेगळे गटही आहेत. परिषद उत्साह देते, पण तिथे सराव कमी होतो. पहिलाच अनुभव घेणाऱ्याने परिषदेपेक्षा वीस-पंचवीस जणांची लहान कार्यशाळा निवडावी, असं माझं ठाम मत आहे.

कार्यशाळा आणि पात्रता अभ्यासक्रम यांतही गल्लत होऊ देऊ नका. केंब्रिजचा सेल्टा हा किमान १२० तासांचा अभ्यासक्रम आहे. त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि त्याचं मूल्यमापन होतं. टीकेटी ही केंब्रिजचीच परीक्षा, पण ती अध्यापनाच्या ज्ञानाची. तिच्यासाठी वर्ग घ्यावा लागत नाही. एका दिवसाच्या कार्यशाळेला मिळणारं प्रमाणपत्र हजेरीचं असतं. ते जपून ठेवायला हरकत नाही, पण नोकरीच्या जाहिरातीत ‘पात्रता’ मागितली असेल तर ते चालणार नाही.

आता माहितीपत्रक वाचा. शीर्षकाकडे फार लक्ष देऊ नका, शीर्षकं सगळीच आकर्षक असतात. सहभागी तिथे प्रत्यक्ष काय करणार आहेत, ते शोधा. ‘चर्चा होईल’, ‘ओळख करून दिली जाईल’ एवढंच असेल तर ते व्याख्यान आहे. ‘सहभागी एक कृती तयार करतील, गटात करून पाहतील आणि त्यावर अभिप्राय घेतील’ असं लिहिलं असेल तर तिथे हात चालणार आहेत. कोणत्या वयाच्या आणि कोणत्या पातळीच्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत आहे, हे सांगितलंय का? युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषा-चौकटीत ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पातळ्या आहेत आणि कार्यशाळांच्या पत्रकांत त्या सर्रास वापरतात. तुमचे विद्यार्थी ए-वनवर असतील आणि सगळी उदाहरणं बी-टूची असतील, तर दिवसभर तुम्ही मनातल्या मनात भाषांतर करत बसाल. मार्गदर्शक स्वतः अजून वर्ग घेतात का, हेही बघा. नियम म्हणून नाही, पण आठवड्यातून दोन तास का होईना जे शिकवतात, त्यांची उदाहरणं ताजी असतात.

एकच दिवस की मालिका? मालिका मिळत असेल तर तीच घ्या. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०पासून शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल जे मांडलं, त्याचा गाभा साधा आहे. सिद्धान्त ऐकला, प्रात्यक्षिक पाहिलं, सराव केला, अभिप्राय मिळाला, तरी वर्गात गेल्यावर कुणी सोबत नसेल तर नवं कौशल्य सहसा टिकत नाही. दोन सत्रांमध्ये पंधरा दिवसांचं अंतर असेल, आणि मधल्या काळात वर्गात करून पाहून पुढच्या सत्रात त्यावर बोलायचं असेल, तर ती मालिका उत्तम समजा.

एक सावधगिरी हवी. ‘वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं वीस टक्के, स्वतः केलेलं नव्वद टक्के’ असा पिरॅमिड अनेक पडद्यांवर दिसतो आणि त्याखाली एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ साली मांडलेल्या मूळ आकृतीत, म्हणजे ‘अनुभवांच्या शंकूत’, एकही टक्केवारी नव्हती. ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. ‘दृश्य शिकणारे, श्राव्य शिकणारे’ अशी विद्यार्थ्यांची वर्गवारी करून त्याप्रमाणे शिकवा, असंही सांगितलं जातं. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा अशा जुळवणीने शिकणं सुधारतं याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. एखाद्या सत्रात हे दिसलं म्हणून उठून जाऊ नका, त्यातल्या कृती उपयोगाच्या असू शकतात. पण कृती घ्या आणि आकडे तिथेच सोडा.

‘माझंच इंग्रजी कच्चं आहे’

हे कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण नव्या शिक्षकांना कार्यशाळेपासून दूर ठेवणारी सगळ्यात मोठी भीती हीच असते. दिवसभर इंग्रजीत बोलावं लागेल, चूक झाली तर सगळे शिक्षकच ऐकणार. या भीतीपोटी मी दोन कार्यशाळा टाळल्या आणि त्यांतली एक मला तेव्हा खरोखर हवी होती.

ज्याने इंग्रजी शिकून मिळवलं, त्याच्याकडे एक ठेवा असतो जो जन्मतः ती भाषा मिळालेल्याकडे नसतो. कोणता काळ कधी वापरायचा, याचा गोंधळ त्याने स्वतः सोसलेला असतो. विद्यार्थी कुठे अडखळणार, ते त्याला आधी दिसतं. विद्यार्थ्यांची भाषा येत असेल तर चूक कुठून आली, हेही कळतं. चांगल्या कार्यशाळेत हा अनुभव मोलाचा मानतात, आणि मार्गदर्शक तसा मानत नसतील तर दोष त्यांचा आहे.

तरीही तयारी करावी. वर्गात सूचना देण्याची पंधरा-वीस इंग्रजी वाक्यं तोंडात बसवा. गटात बोलायला लागणारी काही वाक्यंही हाताशी ठेवा: सहमत असताना काय म्हणायचं, नसताना काय, ‘पुन्हा सांगाल का’ हे सभ्यपणे कसं विचारायचं, आपल्या वर्गाचं वर्णन तीन वाक्यांत कसं करायचं. आदल्या संध्याकाळी ही वाक्यं मोठ्याने म्हणा. मनात म्हणून चालत नाही, जिभेला सवय लागावी लागते. काही संस्था शिक्षकांच्या स्वतःच्या भाषेसाठी वेगळी सत्रं घेतात. तीही व्यावसायिक विकासाचाच भाग आहेत, त्यांना जाण्यात कमीपणा मानू नका.

त्या दिवशी

दहा मिनिटं आधी पोचा आणि ओळखीच्या माणसाजवळ बसू नका. वेगळ्या संस्थेतला, वेगळ्या वयोगटाला शिकवणारा शेजारी जोडीकामात जास्त देऊन जातो.

बहुतेक कार्यशाळा एखाद्या छोट्या कृतीने सुरू होतात. मग मार्गदर्शक तुम्हालाच विद्यार्थी बनवतात. कधी उतारा तुकडे करून गटांत वाटतात. प्रत्येक गट आपला तुकडा वाचतो, मग गट मोडून नवे गट करतात आणि एकमेकांना विचारत पूर्ण गोष्ट जुळवतात. याला ‘जिगसॉ वाचन’ म्हणतात. कधी एक जोडीदार भिंतीवरचं वाक्य वाचून धावत येऊन सांगतो आणि दुसरा लिहून घेतो, तो ‘रनिंग डिक्टेशन’. टेसा वुडवर्ड यांनी ‘लूप इनपुट’ असं नाव दिलेली एक युक्तीही भेटेल. त्यात पद्धत आणि आशय एकच असतात: श्रुतलेखनाबद्दलचा उतारा श्रुतलेखनानेच लिहून घ्यायचा. अशा वेळी दोन पातळ्यांवर जागं राहावं लागतं. हात विद्यार्थ्याचा असतो, डोळा शिक्षकाचा.

म्हणून वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे मार्गदर्शकाने काय केलं ते लिहा: सूचना कोणत्या शब्दांत दिली, किती वेळ दिला, गट कसे पाडले, गोंधळ झाला तेव्हा काय केलं. उजवीकडे शिकणारे म्हणून तुम्हाला काय वाटलं ते: कुठे मजा आली, कुठे कंटाळा, कुठे नक्की काय करायचं ते कळेना. उजवा रकाना बहुतेक जण लिहीतच नाहीत. मला विचाराल तर तोच जास्त मौल्यवान. एखाद्या सत्रात मार्गदर्शक तुम्हाला संपूर्ण अनोळखी भाषेतला पंधरा मिनिटांचा धडा देतील. तेव्हा छातीत जे धडधडतं, ते लगेच लिहून ठेवा. तुमचे विद्यार्थी रोज तेच अनुभवतात.

काही शब्द कानावर पडतील, त्यांना बिचकू नका. ‘टीटीटी’ म्हणजे तासातला शिक्षकाच्या बोलण्याचा वेळ. ‘सीसीक्यू’ म्हणजे अर्थ कळला का हे तपासणारे छोटे प्रश्न. ‘कळलं का?’ असं विचारलं की सगळे मान हलवतात, म्हणून हे प्रश्न लागतात. ‘आय यूज्ड टू स्मोक’ हे वाक्य शिकवल्यावर ‘पूर्वी ओढायचा का? आता ओढतो का? एकदाच ओढली की नेहमी ओढायचा?’ असं विचारलं की खरं काय ते कळतं. ‘पीपीपी’ म्हणजे आधी मांडणी, मग सराव, मग मुक्त वापर असा पाठाचा क्रम. ‘टास्क’वर, म्हणजे भाषा वापरून पुरं करायच्या कामावर, आधारलेल्या अध्यापनाची चर्चा निघाली की एन. एस. प्रभू यांच्या १९७९ ते १९८४ या काळातल्या बंगळूर प्रकल्पाचा उल्लेख येण्याची शक्यता मोठी. त्यांनी कृतींची केलेली विभागणी आजही मला सर्वात कामाची वाटते. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसते, ती माहितीची दरी. दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढायचा असतो, ती तर्काची दरी. स्वतःची पसंती किंवा भावना मांडायची असते, ती मताची दरी. आपल्या पाठ्यपुस्तकातली कुठलीही कृती घ्या आणि यांतली एकही दरी तिच्यात आहे का ते पाहा. नसेल तर विद्यार्थ्यांना एकमेकांशी बोलण्याचं काही कारणच उरत नाही.

प्रश्न विचारायची वेळ आली की तुमचा कागद बाहेर काढा. ‘माझ्या वर्गात साठ विद्यार्थी आहेत, बाकं हलत नाहीत, प्रोजेक्टर नाही. हीच कृती मी कशी करू?’ असं बेधडक विचारा. काहींना वाटतं, हे तक्रारीसारखं दिसेल. जाणत्या मार्गदर्शकाला असा प्रश्न आवडतो, आणि त्याचं उत्तर मागे बसलेल्या दहा जणांना हवं असतं. बाकं हलत नसतील तर पुढच्या बाकावरचे मागे वळून चौघांचा गट करतात, साठ प्रती काढता येत नसतील तर मजकूर फळ्यावर जातो. असं काहीतरी प्रत्येक कृतीत सापडतं.

शिकवून दाखवायची वेळ

सूक्ष्म अध्यापनाची कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६०च्या दशकात आली: थोडे विद्यार्थी, पाच-दहा मिनिटं, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय आणि शक्य असेल तर पुन्हा तोच तुकडा. इंग्रजी शिक्षकांच्या कार्यशाळांत सहसा सहकारीच विद्यार्थी होतात. ‘कोण येतंय पुढे?’ असं विचारलं की खोली एकदम शांत होते. तेव्हा हात वर करा. पहिल्यांदा जाणाऱ्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही, आणि बाकीच्यांचे पाठ तुम्ही मोकळ्या मनाने पाहता.

विषय लहान घ्या. पूर्ण वर्तमानकाळ सहा मिनिटांत शिकवता येत नाही. त्या काळातल्या कृतीची सूचना देणं, प्रात्यक्षिक दाखवणं आणि सूचना समजली का ते तपासणं, एवढंच सहा मिनिटांत नीट करा. सूचना आधी लिहून काढा आणि छाटा. माझी एक सूचना मूळ त्रेचाळीस शब्दांची होती. छाटल्यावर चौदा शब्दांत बसली आणि पहिल्यांदाच सगळ्यांना कळली.

अभिप्राय मिळतो तेव्हा बचाव करण्याची ऊर्मी येते. ‘वेळ कमी होता’, ‘वर्गात मी असं करत नाही’ ही वाक्यं ओठांवर येतात. ती आवरा आणि लिहून घ्या. मग एकच प्रश्न विचारा: ‘हे तुम्हाला कुठल्या क्षणी जाणवलं?’ क्षण कळला की सुधारणा हाताला लागते. ‘सूचना अस्पष्ट होती’ यातून फारसं काही मिळत नाही. ‘तुम्ही आधी कागद वाटले आणि मग सूचना दिली, तेव्हा आम्ही वाचत होतो’ यातून पुढच्या तासाचा बदल मिळतो.

तुम्ही अभिप्राय देतानाही हेच पाळा. दिसलं ते सांगा, निवाडा नको. ‘छान होतं’ असं म्हणून गप्प बसणं हा सभ्यपणा वाटतो, पण समोरच्याने धीर करून शिकवलेलं असतं आणि त्याला काहीतरी ठोस हवं असतं.

शेवटची पंधरा मिनिटं आणि पुढचे पंधरा दिवस

कार्यशाळा संपत आली की लोक आवराआवर करतात, फोटो काढतात. तुम्ही वही उघडा. दिवसभरातली एकच गोष्ट निवडा. कोणत्या वर्गात, कोणत्या दिवशी, कोणत्या धड्यात ती करणार, ते तिथेच लिहा, आणि त्या धड्याचं पाठ टाचण मिळेल तेवढं पुरं करा. घरी पोचलं की घरचं काम असतं आणि सोमवारी शाळेचं.

एक उदाहरण पूर्ण सांगते. समजा, कार्यशाळा चुका दुरुस्त करण्यावर होती. विद्यार्थी म्हणाला ‘ही गो टू स्कूल’ की आपण सहज म्हणतो ‘येस, ही गोज टू स्कूल’ आणि पुढे जातो. या प्रकाराला ‘रीकास्ट’ म्हणतात. रॉय लिस्टर आणि लेला रांटा यांनी १९९७ साली कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की शिक्षक सर्वांत जास्त वापरतात तो रीकास्ट, पण विद्यार्थी आपलं वाक्य स्वतः सुधारतात ते शिक्षकाने उत्तर न देता इशारा केला तेव्हा जास्त. आता हे ‘मी चुका नीट दुरुस्त करीन’ असं लिहू नका. असं लिहा: ‘गुरुवार, दुसरा तास, दिनचर्येचा धडा. क्रियापदाचा एस राहिला तर मी उत्तर सांगणार नाही. “ही...?” एवढं म्हणून बोट वर करून तीन सेकंद थांबेन. बाकीच्या चुका आज सोडून देईन. जोडीकाम चालू असताना थांबवणार नाही, ऐकलेली वाक्यं शेवटी फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घेईन.’

इतकं बारीक लिहिलेलं वर्गात होतं. पहिल्यांदा ते अवघडल्यासारखं होईल, विद्यार्थी बोटाकडे नुसते बघत राहतील. नवी सवय त्यांनाही लागायची असते. निदान तीन तास करून पाहिल्याशिवाय ‘माझ्या वर्गात चालत नाही’ असं ठरवू नका. दर वेळी तासानंतर दोन ओळी लिहा: काय झालं, पुढच्या वेळी काय बदलेन. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली व्यावसायिकांच्या चिंतनाबद्दल लिहिताना काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार असा भेद मांडला. वर्गात पहिल्याला फुरसत फार थोडी असते, म्हणून दुसऱ्यासाठी या दोन ओळी लागतात.

आणि एक साथीदार शोधा. एकाच कार्यशाळेला आलेला असेल तर उत्तम, नसेल तर शेजारच्या वर्गातला. त्याला तुमच्या तासाला दहा मिनिटं येऊन बसायला सांगा, पण काय पाहायचं ते आधी ठरवून द्या: ‘मी बोट वर केल्यावर किती मुलांनी स्वतः सुधारलं, एवढंच मोज.’ पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच्या तासाला बसा. यात वरिष्ठ नसल्यामुळे मोकळेपणा राहतो. तीन आठवड्यांनी पुन्हा वीस मिनिटं रेकॉर्ड करा आणि पहिल्या कागदाशेजारी नवे आकडे ठेवा.

वेबिनारचं थोडक्यात. ते घरबसल्या मिळतात, बरेचसे फुकट असतात, ब्रिटिश कौन्सिलसारख्या संस्थांकडे जुन्या सत्रांची रेकॉर्डिंगही असतात. त्यांचा तोटा असा की बाजूला दुसरं काम उघडं राहतं. कॅमेरा चालू ठेवा, चॅटमध्ये निदान एक प्रश्न टाका, आणि शक्य असेल तर एखाद्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यासमोर बसा. रेकॉर्डिंग बघताना मधे थांबवून कृती दोघांनी करून पाहता येते, हा समोरासमोरच्या सत्रातही नसलेला फायदा.

प्रत्येक कार्यशाळेसाठी फाइलमध्ये एकच पान ठेवा: तारीख, विषय, वर्गात केलेला बदल, त्याचं काय झालं, विद्यार्थ्याच्या कामाचा एखादा नमुना नाव झाकून. मुलाखतीत कुणी ‘व्यावसायिक विकासासाठी काय केलं’ असं विचारलं की प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा अशी पाच पानं जास्त बोलतात.

मग तुम्हीच एक सत्र घ्या

वर्षभरात एखादा बदल तुमच्या वर्गात मुरला की तो सहकाऱ्यांना वीस मिनिटांत दाखवा. त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही, स्वतः करून पाहिलेलं असावं लागतं. वीस मिनिटांतली पाच तुमच्या वर्गाची अडचण सांगायला ठेवा, दहा सहकाऱ्यांकडून ती कृती करून घ्यायला आणि पाच प्रश्नांना. पडद्यावर दाखवायचं काही नसलं तरी चालेल. पण तुमच्या विद्यार्थ्यांची दोन खरी वाक्यं, सुरुवातीचं आणि नंतरचं, फळ्यावर जरूर लिहा. जे जमलं नाही तेही सांगा, कारण ऐकणारे उद्या नेमके तिथेच अडणार असतात.

हे दोन-तीनदा झालं की शिक्षक संघटनेच्या परिषदेसाठी प्रस्ताव पाठवा. प्रस्ताव मागवल्याची सूचना परिषदेच्या अनेक महिने आधी निघते आणि सारांशाला शब्दमर्यादा असते, ती काटेकोर पाळा. पहिल्या वाक्यात तुमची अडचण लिहा, दुसऱ्यात तुम्ही काय केलं ते, तिसऱ्यात सहभागी तिथे काय करतील आणि कोणती गोष्ट हातात घेऊन जातील ते. पोस्टरचा पर्याय असेल तर पहिल्या वेळी तोच घ्या. पोस्टरसमोर उभं राहून एकेका माणसाशी बोलताना त्याच अनुभवाची गोष्ट तुम्ही वीस वेळा सांगता. कुठल्या वाक्याला समोरच्याच्या भुवया वर जातात ते लक्षात ठेवा, पुढच्या वर्षीच्या सत्राची सुरुवात त्या वाक्याने करा.